हाडांत मुरलेली भाकरी

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली ताम्रपाषाण काळातले, सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक शेतकरी गाव मातीतून वर आले. गावात काय पिकत होते ते जळून काळ्या पडलेल्या दाण्यांवरून कळले. त्यात जव प्रमुख, सोबतीला कडधान्ये. काय कापले जात होते ते जनावरांच्या हाडांवरून कळले. पाच खोल्यांचे एक मोठे घर आणि त्याच्याजवळ धान्याचे कोठार सापडले. ते घर गावच्या प्रमुखाचे असावे, असा उत्खननकर्त्यांचा कयास होता.

एवढे सगळे हाती येऊनही एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. कोठाराजवळच्या घरातला माणूस आणि गावाच्या कडेला राहणारा कुंभार एकच जेवत होते का? बायका आणि पुरुष एकच खात होते का? चुलीतली राख आणि उकिरड्यावरची हाडे साऱ्या गावाची असतात. कोणाच्या ताटात किती पडले, हे त्यांतून निघत नाही. ते सांगू शकेल असा साक्षीदार एकच, खुद्द जेवणाऱ्याचे हाड. स्थिर समस्थानिकांच्या पद्धतीने गेल्या पन्नास वर्षांत या साक्षीदाराला बोलते केले आहे. तो नेमके काय बोलतो आणि आपण काय ऐकतो, यांत मात्र बऱ्याचदा अंतर पडते.

पद्धतीचा पाया वनस्पतींमध्ये आहे. निसर्गातल्या कार्बनचे दोन प्रकार (समस्थानिक) स्थिर असतात. हलका, म्हणजे कार्बन-१२, सुमारे ९८.९ टक्के आणि किंचित जड कार्बन-१३ उरलेला १.१ टक्का. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना वनस्पती जड प्रकार थोडा टाळतात, पण सगळ्या सारख्याच प्रमाणात टाळत नाहीत. भात, गहू, जव, सगळी कडधान्ये, बहुतेक झाडे आणि भाज्या तो बराच टाळतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी आणि उष्ण प्रदेशातली बहुतेक गवते कमी टाळतात. पहिल्या गटाला सी-३ आणि दुसऱ्याला सी-४ म्हणतात. प्रकाशसंश्लेषणात प्रथम तयार होणाऱ्या संयुगात तीन कार्बन अणू आहेत की चार, यावरून ही नावे पडली. सी-४ मार्गाची उकल १९६६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मार्शल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी केली, तीही उसावर काम करताना. जड कार्बनचे प्रमाण एका ठरावीक मानकापेक्षा दर हजारी किती कमी आहे, ते उणे आकड्यात लिहितात. सी-३ वनस्पतींचा आकडा उणे २६-२७ च्या आसपास, सी-४ चा उणे १२-१३ च्या आसपास. दोन्ही गटांच्या मधली जागा जवळजवळ रिकामी आहे. साऱ्या पद्धतीचे नशीब या रिकाम्या जागेवर उभे आहे. (मधात उसाची साखर मिसळली आहे का, हे याच आधारावर तपासतात. मधमाश्यांची फुले बहुधा सी-३ असतात आणि ऊस सी-४.)

आहाराचा विचार करून ही पद्धत कोणी जन्माला घातली नाही. कार्बन-१४ वरून वय काढणाऱ्या प्रयोगशाळांना मक्याच्या कणसांची वये शेजारच्या लाकडी कोळशापेक्षा दोनएकशे वर्षांनी कमी येताना दिसत होती. मका जड कार्बन कमी टाळतो, त्यामुळे त्यात कार्बन-१४ ही किंचित जास्त शिरतो, हे त्याचे कारण निघाले. प्रयोगशाळेची ही डोकेदुखी दक्षिण आफ्रिकेतल्या जॉन फोगेल आणि निकोलास फान डर मर्वे यांनी उलटी करून पाहिली. मक्यात हा फरक असेल, तर मका खाणाऱ्यात का नसावा? १९७७ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या जुन्या सांगाड्यांवर हे तपासले. उत्तर अमेरिकेच्या त्या भागातले जंगल आणि रानातले खाणे जवळपास सगळे सी-३, आणि मका बाहेरून आलेला. मक्याआधीचे लोक आणि मक्यानंतरचे लोक यांच्या हाडांतले आकडे स्पष्ट वेगळे निघाले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल डीनिरो आणि सॅम्युएल एपस्टाइन यांनी प्राण्यांना ठरावीक अन्न देऊन त्यांच्या शरीरातला कार्बन (१९७८) आणि नायट्रोजन (१९८१) मोजला. शरीराचा आकडा अन्नाच्या आकड्यामागे एका ठरावीक अंतराने चालतो, हे पक्के झाले. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनात कार्बनचे ते अंतर सुमारे ५ एककांचे असते. म्हणजे आयुष्यभर सी-३ अन्न खाणाऱ्याचे हाड उणे २१ च्या आसपास आणि निव्वळ सी-४ खाणाऱ्याचे उणे ७ च्या आसपास.

नायट्रोजनची गोष्ट वेगळी आहे. तो अन्नसाखळीतली पायरी दाखवतो. गवतापेक्षा गाईत आणि गाईपेक्षा वाघात जड नायट्रोजन दर पायरीला ३ ते ५ एककांनी वाढतो. पाण्यातली साखळी लांब असते, छोट्या माशाला मोठा मासा आणि त्याला आणखी मोठा, म्हणून मासे खाणाऱ्यांचा आकडा खूप वर जातो. कडधान्ये मुळांवरच्या गाठींतल्या जीवाणूंमार्फत हवेतला नायट्रोजन वापरतात, त्यामुळे त्यांचा आकडा शून्याजवळ राहतो. वरणावर जगणारा माणूस खालच्या पायरीवर दिसेल, सुरमईवर जगणारा अगदी वरच्या.

मक्याच्या प्रश्नावर ही पद्धत आजही सर्वांत खणखणीत उत्तरे देते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये दोन शैलाश्रयांत हजारो वर्षे लोक आपले मृत पुरत आले. डग्लस केनेट आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये तिथल्या ५२ व्यक्तींचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सुमारे ४,७०० वर्षांपूर्वीपर्यंत मक्याचा हाडांवर म्हणावा असा ठसा नाही. पुढच्या सातशे वर्षांत त्याचा आहारातला वाटा तीस टक्क्यांच्या आत. आणि ४,००० वर्षांपूर्वीपासून तो सत्तर टक्क्यांच्या वर. मक्याची लागवड मेक्सिकोत त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी सुरू झाली होती. पीक शेतात येणे आणि ते माणसाचे रोजचे जेवण होणे, यांच्यात हजारो वर्षांचे अंतर असू शकते. जळालेले कणीस ते अंतर कधीच दाखवू शकले नसते.

युरोपचा गाजलेला प्रश्न मासे आणि शेतीचा आहे. डेन्मार्कमध्ये मध्याश्मयुगातले लोक समुद्राकाठी शिंपल्यांचे प्रचंड ढीग मागे ठेवून गेले. हेन्रिक टाउबर यांनी १९८१ मध्ये दाखवले, की त्यांच्या हाडांतला कार्बन समुद्री अन्नाचा आहे आणि शेती आल्यानंतरच्या लोकांचा जमिनीवरच्या अन्नाचा. पुढे मायकेल रिचर्ड्स, रिक शुल्टिंग आणि रॉबर्ट हेजेस यांनी ब्रिटनबद्दल २००३ मध्ये असेच मांडले: शेती येताच लोकांनी समुद्राकडे पाठ फिरवली आणि तीही झटकन. समुद्राने वेढलेल्या बेटावरचे लोक मासा सोडतील, हे कोकणातल्या वाचकाला पटणे जड आहे. अनेक पुरातत्त्वज्ञांनाही ते पटले नाही. निकी मिलनर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हरकत घेतली. त्यांचा एक मुद्दा पद्धतीच्या मुळाशी जाणारा होता. कोलॅजेन हे प्रथिन आहे आणि ते मुख्यतः आहारातल्या प्रथिनांपासून बनते. १९९३ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी हे आधीच दाखवले होते. दूध आणि मांस भरपूर खाणाऱ्या माणसाने अधूनमधून मासे खाल्ले, तर ते आकड्यांत बुडून जातात. वादाचा निकाल आजही एकतर्फी नाही. माझ्या मते बदल खरा होता, पण ‘पाठ फिरवली’ हे म्हणणे आकड्यांना झेपणारे नव्हते.

आता एक गंमत पाहा. डेन्मार्कमधल्या जुन्या हाडात कार्बनचा आकडा उणे १२ आला, तर त्याचा अर्थ मासा. मिसिसिपीच्या खोऱ्यात तोच उणे १२ आला, तर त्याचा अर्थ मका. यंत्र दोन्ही ठिकाणी तेच, आकडा तोच. डेन्मार्कमध्ये त्या काळी सी-४ पीक नव्हते आणि मिसिसिपीच्या काठी समुद्र नव्हता, एवढ्यावरच अर्थ ठरला. मग दख्खनमध्ये उणे १२ आला तर? ज्वारी-बाजरीची भाकरी? की सी-४ गवतावर चरलेल्या गाई-म्हशींचे दूध? की मांस? आपल्या पठारावरची कुरणे बहुतांश सी-४ गवतांची आहेत. म्हणजे भाकरीला कधी हात न लावलेला, फक्त दूध-मांसावर जगणारा पशुपालकही हाडात ‘भाकरी खाणारा’ दिसू शकतो. न्यूयॉर्कला फान डर मर्वे यांना जी मोकळी पाटी मिळाली, ती आपल्याकडे नाही. या पद्धतीची सर्वांत सुंदर उत्तरे निसर्गाने ठळक फरक आयता पुरवला तिथून आली आहेत. जिथे तो नाही, तिथे आधी स्थानिक वनस्पती आणि जनावरे मोजण्याचे कष्टाचे काम करावे लागते आणि त्या कामाला वर्तमानपत्रात मथळा मिळत नाही.

ती स्थानिक आधाररेषाही सरळ नसते. इंग्लंडमधल्या रोथॅम्स्टेड इथे १८४३ पासून गव्हाच्या शेतावर खतांचा प्रयोग अखंड चालू आहे. एका वाफ्याला शेणखत, दुसऱ्याला काहीच नाही, वर्षानुवर्षे. एमी बोगार्ड आणि सहकाऱ्यांनी अशा दीर्घकालीन शेतांतले धान्य तपासून २००७ मध्ये दाखवले, की सतत शेणखत घातलेल्या गव्हात जड नायट्रोजन लक्षणीय वाढतो. तो गहू खाणारा माणूस, मांस न खाताही, एक पायरी वर चढलेला दिसतो. युरोपातल्या नवाश्मयुगीन शेतकऱ्यांना मांसाहारी ठरवणारे काही जुने निष्कर्ष यामुळे पुन्हा तपासावे लागले. दख्खनमध्ये हा मुद्दा आणखी टोकदार होतो. धनगरांच्या मेंढ्या रात्री शेतात बसवून लेंडीखत घेण्याची चाल इथे जुनी आहे. शिवाय कोरड्या हवेत माती आणि वनस्पतींतला नायट्रोजन आपोआप वर जातो आणि पश्चिम घाटाच्या पूर्वेकडचा मुलूख पर्जन्यछायेतला आहे. कोकणातल्या आणि माणदेशातल्या हाडांची थेट तुलना करणारा कोणी भेटला, तर त्याला पहिला प्रश्न पावसाचा विचारावा.

नायट्रोजनने सर्वांत हळवे काम केले ते तान्ह्या मुलांच्या बाबतीत. अंगावर पिणारे मूल आईचे दूध पिते, म्हणजे अन्नसाखळीत ते आईच्याही एक पायरी वर असते. मॅरिलिन फोगेल, नोरीन ट्युरॉस आणि डग्लस ओस्ली यांनी १९८९ मध्ये आई आणि बाळ यांच्या नखांतून हे दाखवले. उष्टावण झाल्यावर आकडा हळूहळू उतरू लागतो आणि दूध पूर्ण तुटले की आईच्या पातळीला येतो. यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी या मध्ययुगीन खेड्यात मुले सुमारे दोन वर्षांची होईपर्यंत अंगावर पीत होती, असे अशाच अभ्यासातून निघाले. पण दफनभूमीत मिळतात ती मुले वाचली नाहीत ती. आजारी, कुपोषित मुलाच्या शरीरातला नायट्रोजन उपासमारीनेही वर जातो, कारण शरीर स्वतःलाच खाऊ लागते. जगलेल्या मुलांचे दूध कधी तुटले, हे जाणायचे तर प्रौढांच्या दातांतल्या थरांकडे जावे लागते. दातांची घडण बालपणीच होते आणि पुढे ती बदलत नाही. हाड मात्र आयुष्यभर हळूहळू नवे होत राहते, त्यामुळे मांडीच्या हाडात दहा-पंधरा वर्षांचा गोळाबेरीज आहार असतो आणि बरगडीत शेवटच्या काही वर्षांचा. २०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडलेल्या तिसऱ्या रिचर्ड राजाच्या बरगडीने त्याची अखेरची वर्षे मेजवान्यांत आणि बहुधा वाइनमध्ये गेल्याचे सांगितले. राजाबद्दल हे कळायला बरगडीची गरज होती का, हा वेगळा प्रश्न.

केसांना काळाची सर्वांत बारीक जाण असते, कारण ते महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. अर्जेंटिना-चिलीच्या सीमेवर युयायाको ज्वालामुखीच्या ६,७०० मीटर उंच माथ्यावर १९९९ मध्ये इंका काळात बळी दिलेली तीन मुले गोठलेल्या अवस्थेत सापडली. त्यांतली मोठी मुलगी सुमारे तेरा वर्षांची. अँड्र्यू विल्सन आणि सहकाऱ्यांनी तिच्या लांब केसांचे तुकडे क्रमाने तपासले. मृत्यूच्या वर्षभर आधी तिचा आहार एकाएकी बदलला होता, त्यात मका आणि प्राणिजन्य प्रथिने वाढली होती. शेतकऱ्याच्या पोरीला बळीसाठी निवडल्यावर वरच्या वर्गाचे अन्न मिळू लागले, असे त्यावरून मांडले गेले. केसांतल्याच कोका आणि मद्याच्या खुणांनी शेवटच्या महिन्यांची हकीकत पुरी केली. समस्थानिकांनी मला सर्वांत अस्वस्थ केले ते इथे.

केस फसवूही शकतात. आल्प्समध्ये १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओट्झी’ या हिममानवाच्या केसांचे विश्लेषण १९९९ मध्ये झाले. आहार प्रामुख्याने वनस्पतींचा, असे उत्तर आले. पुढे त्याचे आतडे आणि जठर तपासले, तर त्यात डोंगरी बोकड आणि लाल हरणाचे मांस निघाले, सोबत गव्हाचा जुना प्रकार. जठर शेवटचे जेवण सांगते आणि केस काही महिन्यांचे, म्हणून दोन्ही उत्तरे खरी असू शकतात. पण ‘हिममानव शाकाहारी’ असे म्हणणाऱ्यांना हा फरक सुचला नव्हता.

उलट टोकाला निअँडरथाल आहेत. क्रोएशियातल्या विंदिया गुहेतल्या हाडांवरून २००० मध्ये ते लांडग्याइतके पक्के मांसाहारी ठरले. आकडे इतके वर होते की पचवणे अवघड जावे. २०२५ मध्ये मेलनी बीस्ली आणि सहकाऱ्यांनी एक किळसवाणी पण विचार करायला लावणारी शक्यता मांडली, की साठवलेल्या मांसात पडलेल्या अळ्या खाल्ल्यानेही नायट्रोजन असा वर जाऊ शकतो. लाखो वर्षे मागे गेलो तर कोलॅजेन उरतच नाही, मग दंतवल्कातला कार्बन मोजतात. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये ओल्डुवाईत सापडलेल्या जाड दाढांच्या पॅरान्थ्रोपस बॉइसेईला कठीण कवचाची फळे फोडणारा म्हणून टोपणनावही मिळाले होते. २०११ मध्ये थ्युअर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी त्याच्या दातांतून दाखवले, की त्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक आहार सी-४ चा, म्हणजे गवत आणि लव्हाळ्यांचा होता. जबड्याचा आकार पाहून बांधलेली कल्पना पन्नास वर्षे पाठ्यपुस्तकांत बसून होती.

भारतीय उपखंडात या पद्धतीला मोठा अडसर हवामानाचा. उष्ण आणि एकदा भिजून पुन्हा वाळणाऱ्या मातीत कोलॅजेन टिकत नाही. प्रयोगशाळेत सौम्य आम्लाने हाडातले खनिज विरघळवून जे उरते, त्यातले कार्बन-नायट्रोजनचे गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या दरम्यान नसेल, तर तो नमुना टाकून द्यावा लागतो. चांगले नमुने मिळाले ते हिमालयात. चमोली जिल्ह्यातल्या, सुमारे ५,००० मीटर उंचीवरच्या रूपकुंडाच्या काठचे सांगाडे १९४२ पासून कोडे होऊन बसले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ जणांचे डीएनए आणि ४५ जणांचे समस्थानिक तपासले गेले. डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी त्या संशोधनात होत्या. डीएनएने २३ जण दक्षिण आशियाई, १४ पूर्व भूमध्य प्रदेशातले आणि १ आग्नेय आशियाई वंशाचा असल्याचे सांगितले. पहिला गट सातव्या ते दहाव्या शतकातला, बाकीचे सुमारे १८०० सालचे. आहाराच्या आकड्यांनीही दोन गट वेगळे पाडले. भूमध्य वंशाच्या लोकांचा आहार सी-३ चा, बराचसा एकसारखा. दक्षिण आशियाई गटात मात्र प्रचंड विविधता, काहींच्या हाडांत सी-४ चा ठळक ठसा. ते एका गावचे किंवा एका थरातले लोक नव्हते, वेगवेगळ्या मुलखांतून आले होते, याला दोन स्वतंत्र साक्षी एका दमात मिळाल्या. भरडधान्ये की ती खाल्लेली जनावरे, हा प्रश्न मात्र तिथेही उघडाच आहे.

दुसरी वाट हाडांऐवजी मडक्यांतून जाते. मातीच्या भांड्यात मुरलेल्या चरबीचे एकेक मेदाम्ल वेगळे करून त्याचा कार्बन मोजला, तर दुधाची चरबी आणि मांसाची चरबी ओळखता येते. कच्छमधल्या कोटडा भाडली इथल्या हडप्पाकालीन खापरांतून कल्याण शेखर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दुग्धव्यवसायाचा पुरावा मांडला. गुरे दुधासाठी आणि शेळ्या-मेंढ्या मुख्यतः मांसासाठी, असे चित्र त्यांनी उभे केले. दूध की भाकरी, या आपल्या प्रश्नाची निम्मी बाजू इथे सुटते.

उरलेल्या निम्म्या बाजूसाठी आता दंतवल्काकडे आशेने पाहता येते. दंतवल्क खडकासारखे टिकते आणि त्यात अडकलेला अत्यल्प नायट्रोजन मोजण्याची रीत अलीकडे पक्की होत आहे. टीना ल्यूडेके आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये तिच्यावरून दक्षिण आफ्रिकेतल्या स्टर्कफोंटेनचे, पस्तीसएक लाख वर्षांपूर्वीचे ऑस्ट्रेलोपिथेकस फारसे मांस खात नव्हते, असे दाखवले. इतक्या जुन्या दातातून ते निघत असेल, तर घोडकाठच्या तीन हजार वर्षांच्या दातांतून निघायला हरकत नसावी. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली, त्यांत बहुतांश लहान मुलांची, घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी तिथल्या सांगाड्यांचा आणि दातांचा बारकाईने अभ्यास केलेला आहे. त्या दातांना आकडे द्यायचे असतील, तर आधी त्याच थरांतल्या गाई, शेळ्या आणि हरणांच्या दातांचे आकडे हवेत, आणि जळालेल्या जवाचे व कुळथाचेही. दंतवल्काचा कण एकदा विरघळवला की परत मिळत नाही, म्हणून सुरुवात जनावरांच्या दातांपासून करणे शहाणपणाचे. ते संग्रहात भरपूर आहेत आणि त्यांच्यावाचून माणसांच्या आकड्यांतून भाकरीही निघणार नाही आणि दूधही नाही.